लेझरचा दिवा, काचेतला फॉस्फर आणि भट्टीतले ते अर्धं मिनिट

२०१४ मध्ये बीएमडब्ल्यूची आय८ आणि ऑडीची आर८ एलएमएक्स लेझर हेडलाइट घेऊन आल्या तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की आता गाडीच्या तोंडातून लेझरचा झोत निघणार आणि समोरच्याचे डोळे जाणार. तसं काही नसतं. बीएमडब्ल्यू ज्या ६०० मीटरच्या हाय बीमचा दावा करायची तो प्रकाश आपला नेहमीचा पांढराच, लेझरचं काम हेडलाइटच्या आतच संपतं. आत निळा लेझर असतो, साधारण ४५० नॅनोमीटरचा, तो एका छोट्याशा पिवळ्या तुकड्यावर पडतो, तो तुकडा बराचसा निळा प्रकाश गिळून पिवळा बाहेर टाकतो, आणि न गिळलेला निळा अधिक हा पिवळा असं मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. लेझर प्रोजेक्टरमध्येही हेच, फक्त तिथे बहुतेक वेळा हा तुकडा एका फिरत्या चाकावर लावलेला असतो. त्या तुकड्यातलं पिवळं काम करणारं द्रव्य म्हणजे फॉस्फर, आणि हा लेख त्या फॉस्फरला काचेत बसवून भट्टीत भाजतात कसं आणि ते भाजणं इतकं झटपट का करायचं असतं त्याबद्दल आहे.

घरातल्या पांढऱ्या एलईडीमध्येही हीच युक्ती आहे. जपानच्या निचिया कंपनीने १९९६ला निळ्या एलईडीवर पिवळा फॉस्फर चढवून पांढरा एलईडी बाजारात आणला. तो फॉस्फर म्हणजे यिट्रियम अ‍ॅल्युमिनियम गार्नेट, ज्याला सगळे यॅग म्हणतात, त्यात चिमूटभर सेरियम. आजही लेझरसाठी पहिली पसंती यालाच. मग लेझरच्या भानगडीत पडायचंच कशाला? कारण एलईडीत करंट वाढवत नेला की एका मर्यादेनंतर प्रकाश त्या प्रमाणात वाढत नाही, कार्यक्षमता घसरत जाते. लेझर डायोड एकदा लेझर प्रकाश द्यायला लागला की आत इलेक्ट्रॉनची गर्दी फार वाढत नाही, त्यामुळे ही विशिष्ट घसरण तिथे नाही. आणि लेझरचा प्रकाश लेन्सने अगदी बारीक ठिपक्यावर गोळा करता येतो, म्हणजे प्रकाशाचा उगम लहान, म्हणजे झोत लांब जाणार.

पण तो बारीक ठिपका हीच खरी डोकेदुखी आहे.

हिशोब करून बघू. ४५० नॅनोमीटरचा निळा फोटॉन गिळला आणि ५६० नॅनोमीटरचा पिवळा सोडला, तर दोघांच्या ऊर्जेतला फरक साधारण २० टक्के. फॉस्फर कितीही उत्तम असला, एकही फोटॉन वाया घालवत नसला तरी हे २० टक्के उष्णता म्हणून तिथेच राहणार, यात कोणाचं काही चालत नाही. आता ५ वॅट निळा प्रकाश १ चौरस मिलिमीटरवर पाडला आणि सगळा गिळला गेला असं धरा. म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढ्या जागेत १ वॅट उष्णता. ऐकायला कमी वाटतं, पण हीच उष्णता चौरस सेंटिमीटरच्या हिशोबात १०० वॅट होते.

ही उष्णता थरातून खाली जायला हवी. एलईडीत फॉस्फर सिलिकोनमध्ये कालवलेला असतो आणि सिलिकोनची उष्णतावाहकता ०.२ वॅट प्रति मीटर केल्विनच्या आसपास. थर ५० मायक्रॉनचा असेल आणि सगळी उष्णता वरच्या बाजूला तयार होते असं वाईटात वाईट धरलं तर थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागात २५० अंशांचा फरक येतो. सिलिकोन दीडशेच्या वर बराच काळ राहिलं की पिवळं पडायला लागतं, पुढे करपतं. त्याच जागी काच, वाहकता साधारण १, तर फरक ५० अंशांवर येतो. सिलिकोनच्या जागी काच का, याचं उत्तर एवढंच आहे. खाली आधाराला सॅफायरची चकती असेल, जिची वाहकता तीसच्या वर, तर पुढचा रस्ता आणखी मोकळा.

उष्णतेची इतकी काळजी का तर फॉस्फर तापला की त्याची प्रकाश देण्याची क्षमता कमी होते, मग न दिलेल्या प्रकाशाचीही उष्णता होते, त्याने तो अजून तापतो, मग प्रकाश अजून कमी. एका लेझर पॉवरपर्यंत उजेड छान चढत जातो आणि मग अचानक कोसळतो. लेझरसाठी बनवलेल्या प्रत्येक तुकड्याची परीक्षा याच कड्यापाशी होते.

आता कोणी म्हणेल काचच कशाला, अख्खा तुकडा यॅगच्याच सिरॅमिकचा बनवा की, वाहकता दहाच्या आसपास मिळेल. बनवतात तसेही, आणि फारच जास्त पॉवर असेल तर माझ्या मते तेच बरोबर आहे. पण त्यासाठी व्हॅक्यूम भट्टीत १७०० अंशांच्या वर काही तास ठेवावं लागतं, नंतर कापायचं, घासायचं, पॉलिश करायचं, सगळं महागाचं काम. काचेचा थर ६००-८०० अंशांत होतो, साध्या हवेत होतो, आणि छपाईसारखा छापता येतो. शिवाय हव्या त्या दोन-तीन रंगांचे फॉस्फर एकत्र घालता येतात, सिरॅमिकमध्ये हे स्वातंत्र्य फार कमी.

छापायचं कसं ते सांगतो. कमी तापमानाला मऊ होणारी काच दळून तिची पिठासारखी पूड करतात, तिला फ्रिट म्हणतात. त्यात फॉस्फरची पूड, आणि दोन्ही एकत्र धरून ठेवायला टर्पिनिऑलसारख्या तेलकट द्रवात विरघळवलेलं इथाइल सेल्युलोज. याची घट्ट पेस्ट होते. ती स्क्रीन प्रिंटिंगने किंवा पात्याने ओढून सॅफायरवर सारखी पसरायची, वाळवायची, ३५०-४५० अंशांच्या आसपास ते सेंद्रिय पदार्थ जाळून टाकायचे, आणि मग काच मऊ होऊन वाहील, दाणे एकमेकांना चिकटतील आणि मधल्या पोकळ्या बुजतील इतकं तापवायचं. नेहमीची पद्धत म्हणजे मफल भट्टीत मिनिटाला ५-१० अंशांनी चढवत न्यायचं, वर अर्धा तास ठेवायचं, भट्टी बंद करायची आणि घरी जायचं.

या घरी जाण्यात नुकसान आहे. वितळलेली काच निरुपद्रवी नसते, ती चांगली द्रावक आहे. त्यात बोरॉन, सोडियम, झिंक असतं आणि फॉस्फरच्या दाण्याचा पृष्ठभाग ती हळूहळू खात जाते. समजा दाणा १५ मायक्रॉनचा आहे आणि अर्ध्या तासात त्याचा सगळीकडून फक्त १ मायक्रॉनचा थर खराब झाला. एक मायक्रॉनने काय होतंय असं वाटेल, पण घनफळ काढा, दाण्याचा ३५ टक्के भाग गेला! आता अशी झीज साधारणपणे वेळेच्या वर्गमुळाने वाढते. त्याच तापमानाला अर्ध्या तासाऐवजी अर्धं मिनिट ठेवलं तर वेळ ६० पटीने कमी, झीज साडेसात-आठ पटीने कमी, म्हणजे ०.१३ मायक्रॉन, आणि नुकसान ५ टक्क्यांवर. पस्तीसचे पाच. घाईने भाजण्याचं अर्धं अधिक समर्थन या एका गणितात आहे.

आणि हे यॅगबद्दल झालं, जो तसा दणकट आहे. यॅगच्या प्रकाशात लाल कमी असतो, त्यामुळे त्यात चेहरे, भाज्या, लाल कपडे जरा मेलेले दिसतात. ते भरून काढायला युरोपियमवाला लाल नायट्राइड फॉस्फर घालावा लागतो आणि तो गरम काचेत फारच हळवा निघतो. त्यातला नायट्रोजन ऑक्सिजनला जागा देऊन वायू म्हणून सुटतो आणि काचेत बुडबुडे होतात, शिवाय युरोपियमचं ऑक्सिडेशन होऊन त्याचा तो रुंद लाल प्रकाश विझतो.

दुसरं नुकसान काचेचंच. अशा काचा ट्रान्झिशन तापमानाच्या (जिथे कडक काच नरम व्हायला सुरुवात होते) वर आणि पूर्ण मऊ होण्याच्या खाली जो मधला पट्टा असतो तिथे रेंगाळल्या की त्यांच्यात स्फटिक उगवायला लागतात. एकदा स्फटिक झाले की काच नीट वाहत नाही, पोकळ्या बुजत नाहीत आणि थर दुधाळ होतो. गंमत अशी की हे घडतं कमी तापमानाला, काळजीपूर्वक हळूहळू चढवत असताना! कुरडई तळणाऱ्या कोणालाही हे सांगायला नको, कोमट तेलात सोडलेली कुरडई फुलत नाही, नुसती तेल पिऊन दडस होते, आणि नंतर आच कितीही वाढवली तरी ती काही फुलत नाही. कडकडीत तेलात दोन सेकंदांत फुलते, आणि तिथून पुढे जरा दुर्लक्ष झालं की करपते.

म्हणजे झटपट भाजणं हे वेळ वाचवण्यासाठी नसून कुठल्या तापमानाला किती वेळ घालवायचा हे आपल्या हातात घेण्यासाठी आहे. मधल्या पट्ट्यातून पळत जायचं, वर पोचायचं, काम झालं की लगेच खाली यायचं. वीज वाचते, लाइनवर माल जास्त निघतो, ते सगळं खरं, पण तो वरचा फायदा.

बरं, पण अर्ध्या मिनिटात काच जुळून येते का? इथेही साधं गणित आहे. काचेचे दोन कण एकमेकांत मिसळायला लागणारा वेळ ढोबळमानाने चिकटपणा गुणिले कणाची त्रिज्या भागिले पृष्ठताण. काचेच्या सॉफ्टनिंग पॉइंटला, म्हणजे ती स्वतःच्या वजनाने वाकायला लागते त्या तापमानाला, चिकटपणा ४० लाख पास्कल-सेकंद असतो, पृष्ठताण ०.३ न्यूटन प्रति मीटर धरू, कणाची त्रिज्या ५ मायक्रॉन. उत्तर येतं एक मिनिटाच्या आसपास. आता तापमान साठ-सत्तर अंशांनी वाढवलं तर साधारण काचेचा चिकटपणा दहा पटीने उतरतो, म्हणजे सहा-सात सेकंद. तेवढ्याच तापमानवाढीने दाणा कुरतडण्याचा वेगही वाढतो, नाही असं नाही, पण सहसा तो दोन-चार पटच. म्हणजे काच वाहायचा वेग आणि फॉस्फर खाल्ला जाण्याचा वेग दोन्ही चढतात, पण पहिला जास्त चढतो, आणि या फरकातच आपला फायदा बसलाय. फ्रिट निम्मी बारीक दळली तर वेळही निम्मा, म्हणून अर्धी लढाई दळण्यात असते, भट्टीकडे सगळ्यांचं लक्ष जातं एवढंच. मात्र हे दोन शेजारच्या कणांचं गणित आहे, फॉस्फरचे न वितळणारे दाणे वाटेत बसलेले असतात, त्यांच्यामधल्या मोठ्या पोकळ्या बुजायला जास्त वेळ लागतो, आणि फॉस्फरचं प्रमाण वाढवत गेलात की हे आणखी अवघड होत जातं.

उष्णता आत पोचायला वेळ मिळतो का, हाही रास्त प्रश्न. ५० मायक्रॉनच्या थरात ती काही मिलिसेकंदांत आरपार जाते. ५ मिलिमीटर जाडीची काचेची वडी असेल तर मात्र पन्नास सेकंदांसारखा वेळ लागतो, बाहेरचं वितळलंय आणि आतलं कच्चं. त्यामुळे ही सगळी मजा पातळ थरांचीच आहे, जाड तुकड्यांनी या वाटेला जाऊ नये.

आता पद्धती. सगळ्यात स्वस्त म्हणजे भट्टी आधीच तापवून ठेवायची आणि चकती सरळ आत सरकवायची, थोड्या वेळाने बाहेर काढून दुसऱ्या, कमी तापमानाच्या भट्टीत टाकायची. गावठी वाटते पण चालते. दुसरी म्हणजे सेमीकंडक्टर कारखान्यातली हॅलोजन दिव्यांची भट्टी, सेकंदाला कित्येक अंश चढवणारी. तिची एक गोची सहज लक्षात येत नाही, ती ही की दिव्यांचा इन्फ्रारेड प्रकाश मुख्यतः १ मायक्रॉनच्या आसपासचा, आणि काच, यॅग, सॅफायर तिघंही त्याला जवळपास पारदर्शक! दिवे लखलखताहेत आणि चकती आपली थंड. म्हणून खाली सिलिकॉनची किंवा सिलिकॉन कार्बाइडची काळी पाटी ठेवतात, ती तापते आणि चकतीला तापवते. कार्बन डायऑक्साइड लेझरचं याच्या उलट, त्याचे १०.६ मायक्रॉनचे किरण काच वरच्यावरच गिळते, त्यामुळे नेमक्या हव्या त्या जागी भाजता येतं, पण थराच्या वर आणि खाली तापमानाचा फरक पडतो आणि तडे जायची भीती. स्पार्क प्लाझ्मा म्हणून एक प्रकार आहे, ग्राफाइटच्या साच्यात दाबून धरायचं आणि करंट सोडायचा. पोकळ्या छान बुजतात, पण साच्यातला कार्बन काचेत शिरून ती राखाडी होऊ शकते आणि प्रकाशाच्या धंद्यात राखाडी म्हणजे नापास. २०२०ला मेरीलँड विद्यापीठातल्या गटाने कार्बनच्या दोन तापत्या पट्ट्यांमध्ये धरून सिरॅमिक दहा सेकंदांच्या आसपास पक्कं करून दाखवलं, त्यानंतर या सेकंदांच्या खेळाला सगळीकडेच ऊत आलाय.

कारखान्यात हे वाटतं तितकं नवीन नाही. सोलर सेलवरच्या चांदीच्या रेषा ज्या पेस्टने छापतात तिच्यातही काचेची फ्रिट असते आणि ती पट्ट्याच्या भट्टीत वरच्या तापमानाला मोजके सेकंदच राहते. मोरबीच्या टाइल बनवणाऱ्यांच्या रोलर भट्ट्यांत, जिथे पूर्वी दिवस जायचा तिथे, माल तासाभरात बाहेर पडतो. म्हणजे यंत्रसामग्री आहे, अनुभव आहे, फक्त या मालाचे नखरे वेगळे.

नखऱ्यांतला पहिला बाइंडर, म्हणजे पेस्ट धरून ठेवणारं ते इथाइल सेल्युलोज. तो पूर्ण जळून वायू निघून जायच्या आत काच मऊ होऊन वरून बंद झाली की कार्बन आत कोंडला. म्हणून घाई सगळीकडे चालत नाही, ४०० अंशांच्या टप्प्यावर थांबायचं, बाइंडर जाऊ द्यायचा, आणि मग उडी मारायची. लोक नेमकं इथेच चुकतात, झटपट म्हणजे सुरुवातीपासून झटपट असं धरतात. चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली की काय बिघडलं ते बऱ्यापैकी वाचता येतं. काळपट झाक असेल तर बाइंडर. दुधाळ ढग असतील तर काच स्फटिकाळली, म्हणजे मधल्या पट्ट्यात रेंगाळलात. दाण्यांच्या कडा झिजून गोलसर झाल्या असतील आणि पिवळा फिका पडला असेल तर वर जास्त वेळ गेला. आणि दाण्यांमध्ये कोनेरी काळ्या फटी दिसत असतील तर उलट, भाजणं कमी पडलं. बुडबुडे थोडे असतील तर ते मात्र दर वेळी वाईट नसतात, निळा लेझर त्यांच्यावर आपटून विखुरतो आणि पांढरा रंग सगळीकडून सारखा दिसतो. काही जण तर मुद्दाम अ‍ॅल्युमिनासारखी पांढरी पूड घालतात याचसाठी. पण बुडबुडा म्हणजे उष्णतेच्या वाटेतला खड्डा, त्यामुळे तिथे सौदा करावा लागतो.

दुसरा नखरा थंड होताना. काच आणि सॅफायर वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. काच दर अंशाला दहा लाखात २ भाग जास्त आकसत असेल आणि घट्ट झाल्यापासून खोलीच्या तापमानापर्यंत ४५० अंश उतरायचं असेल तर थरात ६० ते ८० मेगापास्कलचा ताण येतो, आणि साध्या काचेच्या पृष्ठभागाला पन्नासच्या आसपासही ओढ सहन होईल याची खात्री नसते. तडा. हळू थंड केलं की हे जाईल असं पुष्कळांना वाटतं, पण पूर्ण जात नाही, कारण हा फरक द्रव्यांच्या स्वभावातला आहे. तो काच निवडतानाच मिटवावा लागतो, शक्यतो सॅफायरपेक्षा किंचित कमी आकसणारी काच घ्यायची म्हणजे ती दाबाखाली राहते आणि दाब काचेला चालतो. तरीही वरून खाली येऊन ट्रान्झिशन तापमानाजवळ थोडा वेळ थांबणं आणि तिथून सावकाश उतरणं फायद्याचंच, कारण एकदम थंड केलेली काच जास्त वरच्या तापमानाला घट्ट होते आणि ताण तिथूनच साठायला सुरुवात होते. सगळा प्रवास काढून बघितला तर ४०० पर्यंत संथ, मग थांबा, मग सुसाट वर, काही सेकंद, पटकन खाली, परत थांबा, आणि शेवटी निवांत.

तिसरा नखरा मोजण्याचा. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारेची जोडी, खालच्या पाटीचं तापमान सांगतो, थराचं नाही. अर्धा तास ठेवायचं असेल तर दोन्ही एक होतात. अर्ध्या मिनिटाच्या चक्रात पाटी आणि थर यांच्यात वीस-तीस अंशांचा फरक सहज राहू शकतो, आणि वर पाहिलंच की साठ अंशांत वेळेचं गणित दहा पटीने बदलतं. एका प्रयोगशाळेची रेसिपी दुसऱ्या भट्टीत जशीच्या तशी चालत नाही त्याचं मोठं कारण हे. शोधनिबंधात लिहिलेलं तापमान वाचताना ते कुठे मोजलंय हे आधी बघावं.

आणि लालचं काय? झटपट भाजण्याने तो भट्टीतून बऱ्यापैकी सुखरूप बाहेर येतो हे खरं, पण पुढे लेझरखाली त्याचे दोन त्रास उरतात जे कुठलीही भट्टी सोडवू शकत नाही. निळ्यापासून ६५० नॅनोमीटरचा लाल करायचा तर ३० टक्क्यांहून जास्त ऊर्जा उष्णतेत जाते, यॅगला वीस पुरायची. दुसरं म्हणजे सेरियमचा अणू फोटॉन गिळल्यावर साठ-सत्तर नॅनोसेकंदांत मोकळा होतो आणि पुढच्याला तयार असतो, युरोपियमला मायक्रोसेकंदाच्या पातळीवरचा वेळ लागतो. तेवढ्यात लेझरचे पुढचे फोटॉन येऊन थडकतात, घ्यायला कोणी मोकळं नसतं, आणि पॉवर वाढवली तरी लाल वाढत नाही. म्हणून बऱ्याच प्रोजेक्टरमध्ये लालसाठी वेगळा एलईडी किंवा वेगळा लाल लेझरच ठेवतात. २०१०च्या कॅसिओच्या लेझर प्रोजेक्टरमध्येही निळा लेझर, त्यापासून फॉस्फरने हिरवा, आणि लाल मात्र एलईडीचा अशीच वाटणी होती. सेरियमवर चालणारा आणि खराखुरा लाल देणारा, उष्णतेत टिकणारा फॉस्फर ज्याला सापडेल त्याचं नाव होईल. नागपूर विद्यापीठात फॉस्फरवर कित्येक वर्षं काम चाललंय, तिथल्या कोणाला सापडला तर मला तरी फार आनंद होईल.